विश्वामित्रीतल्या मगरी आणि रूथबाईंच्या काचा

प्रश्न असा आला आहे: "काकू, एम.एस्सी.च्या सेमिनारला माझ्या वाट्याला रूथ पॅट्रिक आल्या आहेत. 'जैवविविधतेवरून नदीचं प्रदूषण ओळखता येतं हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ' एवढं एक वाक्य सगळीकडे सापडतं, पुढे काही नाही. त्यांनी नेमकं केलं काय? ते आपल्या विश्वामित्रीत करून बघता येईल का? आणि बाबा म्हणतात, नदीत एवढ्या मगरी सुखाने राहतात, म्हणजे पाणी काही तितकं वाईट नसणार. त्यांना काय सांगू?"

बाबांपासून सुरुवात करते. बडोद्यात हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारला गेलाय, भाजीच्या लारीपाशी विचारला गेलाय आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देते.

मगर श्वास घेते हवेतून. पाण्यात विरघळलेला प्राणवायू शून्यावर आला तरी तिचं काही अडत नाही, नाकपुड्या वर काढल्या की झालं. तिला लागतो तो उन्हात पडायला काठ, बीळ करायला मातीचा कडा, अंडी घालायला कोरडी जागा आणि पोटाला काहीतरी. विश्वामित्रीच्या कोतरांमध्ये, म्हणजे काठच्या घळींमध्ये, पहिल्या तिन्ही गोष्टी आहेत. चौथीची सोय आपलं शहर करतं. पुलावरून काय काय टाकलं जातं ते तुला माहीत आहे. २०२५च्या फेब्रुवारीत मोजणी झाली तेव्हा चारशेच्या वर मगरी निघाल्या. त्याबद्दल कुणाची पाठ थोपटायचीच असेल तर त्या कोतरांची थोपटावी. पाण्याबद्दल मगर साक्ष देऊच शकत नाही, कारण श्वासापुरता तिचा पाण्याशी संबंधच नाही.

बाबा मग माशांकडे वळतील. तर मांगूर आणि शिंगी हे मासेसुद्धा वर येऊन हवा घेऊ शकतात, आणि तिलापिया पृष्ठभागालगतच्या पातळ थरातलं पाणी ओढून बराच काळ तग धरतो. जाळ्यात मासे भरपूर आले, एवढ्याने काही कळत नाही. कुठले आले ते विचारायचं.

आता एक प्रसंग सांगते, कारण तो मला रूथ पॅट्रिकपर्यंत घेऊन गेला. मे महिना, शहराच्या खालच्या अंगाला एक पूल, सकाळचे साडेसात. प्राणवायू मोजायची आमची जुनी रीत विंकलरची. लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनतज्ज्ञाने ती १८८८ साली काढली आणि अजून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, तिच्यात पिपेटने आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा साका बसतो. जितका प्राणवायू जास्त तितका रंग गडद. त्या दिवशी आमच्या मदतनीसाने बाटली उलटी केली, सरळ केली आणि म्हणाला, "बेन, आ तो दूध थई गयुं!" साका पांढराशुभ्र. म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर, पलीकडच्या काठाला, साताठ फुटांची मगर जबडा उघडा टाकून उन्हाला पडलेली. तीही बरोबर आणि बाटलीही बरोबर.

पण बाटलीवर फार विसंबून चालत नाही, हे मी दुसऱ्या एका फजितीतून शिकले. शहराजवळच्या एका हिरव्यागार तलावाचा नमुना मी दुपारी दीड वाजता घेतला. प्राणवायू आला लिटरला १३ मिलिग्रॅम. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, म्हणजे हे तर दुपटीजवळ. मी अहवालात "प्राणवायूची स्थिती उत्तम" असं लिहून मोकळी झाले. आठवड्याने त्याच तलावात पहाटे मासे उलटे तरंगले. घडलं ते साधंच. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो वापरून टाकतं. दीड वाजता उतू जाणारं पाणी पहाटे पाचला रिकामं असतं. तेव्हापासून मी कुठलाही आकडा वाचताना आधी नमुन्याची वेळ बघते, आणि वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा बाजूला ठेवते.

हीच अडचण रूथ पॅट्रिक यांना दिसली होती. (मी त्यांना मनातल्या मनात रूथबाई म्हणते. पुढे तसंच लिहिते, सेमिनारमध्ये तू म्हणू नकोस.) रसायनं मोजणारी बाटली त्या क्षणाचं सांगते. रात्री दोन वाजता कुणी टाकी सोडली आणि सकाळपर्यंत ते पाणी पुढे वाहून गेलं, तर दहा वाजता जाणाऱ्या माणसाला काय मिळणार? पण नदीच्या तळाशी जे चिकटून राहतं ते रात्रीही तिथेच होतं. त्याला विचारायचं.

रूथबाईंचा जन्म १९०७चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका इथे. वडील वकील, पण नाद वनस्पतींचा आणि सूक्ष्मदर्शकाचा. रविवारी मुलींना घेऊन रानात जायचं, डबक्यातलं बुळबुळीत काहीतरी डब्यातून घरी आणायचं आणि भिंगाखाली बघायचं. सातव्या वर्षी त्यांनी रूथला स्वतःचा सूक्ष्मदर्शक दिला. १९३४ साली व्हर्जिनिया विद्यापीठाची डॉक्टरेट. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये त्यांनी पहिली कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं, पगार सुरू झाला तो १९४५ साली. १९४७ मध्ये त्यांनी तिथेच गोड्या पाण्याच्या अभ्यासाचा विभाग उभा केला. पुढचे मानसन्मान तुला कुठेही मिळतील, १९९६चं नॅशनल मेडल ऑफ सायन्स वगैरे. २०१३ मध्ये, १०५ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

त्यांचा जीव ज्याच्यावर होता ते डायाटम. मराठीत याला करंडक म्हणतात, आणि माझ्या मते हा आपल्या भाषेतला फार नेमका शास्त्रीय शब्द आहे. एकपेशीय शैवाल, पण भोवती सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीची, दोन भागांची पेटी. वरचं झाकण खालच्या भागावर बसतं, अगदी आजीच्या कुंकवाच्या करंड्यासारखं. पेटीवर रेघा आणि भोकांची नक्षी, आणि दर जातीची नक्षी वेगळी. नदीतल्या दगडावर पाय घसरतो ना, तो जो सोनेरी-तपकिरी बुळबुळीत थर, त्यात हेच असतात. जीव मेला तरी करंडा राहतो. म्हणून ओळख पटवता येते, आणि म्हणूनच फसगतही होते. त्याचं पुढे सांगते.

१९४८ साली रूथबाईंनी पेनसिल्व्हेनियातली कोनेस्टोगा नदी आणि तिचे ओहोळ घेतले. त्यांचं एक भाषण ऐकून तेल कंपनीतल्या एका माणसाने पैसे उभे करून दिले होते. कोनेस्टोगाच का? तिथे सगळ्या तऱ्हेची घाण एकाच खोऱ्यात होती: गावांचा मैला, कारखान्यांचं पाणी, शेतीतून येणारं. आणि मधे मधे स्वच्छ पट्टेही. त्यांनी एकट्याने शैवालं गोळा केली नाहीत. रसायनांचा माणूस, जिवाणूंचा, कीटकांचा, माशांचा, असा जथाच नेला. १९४९च्या निबंधात त्यांनी सगळ्या सजीवांचे सात गट पाडले आणि प्रत्येक ठिकाणासाठी सात खांबांचा आलेख काढला. निरोगी ठिकाणी खांब बरोबरीचे. जसजशी घाण वाढते तसे कीटकांचे, माशांचे, डायाटमचे खांब खचत जातात आणि गांडुळांच्या भाऊबंदांचे, जळवांचे, निळ्या-हिरव्या शैवालांचे वर येतात. सेमिनारला हा आलेख फळ्यावर हाताने काढ. स्लाइडवर चिकटवण्यापेक्षा तो समजावायला सोपा जातो.

इथे रूथबाईंचा खरा मुद्दा येतो, आणि तो त्या एका वाक्यात हरवतो. त्यांच्याआधी जर्मनीत कोल्कविट्झ आणि मारसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याद्या केल्या होत्या: ही जात दिसली की पाणी घाण, ती दिसली की स्वच्छ. एकेक जात म्हणजे एकेक साक्षीदार. रूथबाईंना दिसलं की घाण सोसणाऱ्या जाती स्वच्छ पाण्यातही असतात, फक्त थोड्या. निट्झशिया पॅलिया हा मैल्याच्या पाण्यात माजणारा डायाटम मला डोंगराजवळच्या बऱ्या पाण्यातही सापडलाय, चारशे करंड्यांत दोन किंवा तीन. तेव्हा कोण आहे एवढं विचारून भागत नाही. किती जाती आहेत आणि त्यांच्यात वाटणी कशी झाली आहे, ते मोजायचं. बाबांची मगर म्हणजे जुनी पद्धत बघ: एक प्राणी दिसला, निकाल दिला.

वाटणीचं उदाहरण देते. आम्ही एका स्लाइडवर साधारण चारशे करंडे मोजतो. समज, चारशे पानांची पंगत आहे. एका पंगतीत पस्तीस घराण्यांची माणसं बसली आहेत. कुणाचीच पन्नास-साठच्या वर पानं नाहीत, आणि कित्येक घराण्यांतून एखाददुसराच आलाय. दुसऱ्या पंगतीत घराणी नऊच, आणि त्यातल्या एकानेच दोनशे नव्वद पानं अडवली आहेत. पानं दोन्हीकडे चारशेच. मैल्याने पहिल्या पंगतीची दुसरी होते: नाजूक जाती उठून जातात आणि ज्यांना अमोनिया व कमी प्राणवायू चालतो त्यांना सगळं वाढलेलं ताट मिळतं. विषारी धातू किंवा तीव्र आम्ल आलं तर मात्र तिसरंच चित्र दिसतं, घराणीही कमी आणि पानंही कमी. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक डोळ्यांना दिसतो. मैल्याची स्लाइड गच्च असते, विषाची ओसाड.

आपल्याकडे हा फरक कामाचा आहे. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा चॅनेल १९८३ पासून चालतो आहे. त्यामुळे शहरातल्या विश्वामित्रीत तुला जास्त करून भेटणार तो घरांचा मैला. तो येतो कांसांतून, म्हणजे शहरातल्या नाल्यांतून: भूखी, रूपारेल, मसिया. ही नावं तू पावसाळ्यात पाणी भरलं की ऐकतेस, पण उन्हाळ्यातही त्या वाहत असतात आणि वरून, पावागढकडून, तेव्हा नदीला फारसं पाणी नसतं. स्लाइड गच्च निघाली तर मला नवल वाटणार नाही. एखाद्या जागी ओसाड निघाली तर मात्र काठाकाठाने वर चालत जाऊन बघावं लागेल की काय येऊन मिळतंय.

आता काचा. दगडावरचा थर खरवडण्यात गोम अशी की दोन ठिकाणचे दगड सारखे नसतात. एक खडबडीत, एक गुळगुळीत. एक उन्हात, एक सावलीत. म्हणून रूथबाईंनी १९५४च्या सुमाराला डायाटोमीटर केलं. नाव भारदस्त, वस्तू साधी: तरंगणारी एक चौकट, तिच्यात सूक्ष्मदर्शकाच्या काचा उभ्या खोचलेल्या. दोनेक आठवडे नदीत ठेवायची. डायाटमना काच म्हणजे नवा, रिकामा, सगळीकडे सारखाच दगड. वरून वाहत येणारे येऊन चिकटतात, ज्यांना पाणी मानवतं ते वाढतात. पुढे १९६७ मध्ये त्यांनी याच काचांना बेटं समजून आणखी एक प्रयोग केला. काचेचा तुकडा लहान केला, किंवा वरून येणारा प्रवाह कमी केला, की जाती कमी होतात, पाणी तेच असलं तरी. हे फक्त सिद्धांतापुरतं नाही. तू एका जागी पूर्ण काच आणि दुसऱ्या जागी तुटकी काच लावलीस तर तुझा निष्कर्ष तिथेच वाया गेला.

विश्वामित्रीत करून बघता येईल का, तर येईल, पण मी तुला डायाटोमीटरने सुरुवात करू देणार नाही. जलपर्णीचे पुंजके येऊन चौकट ओढून नेतात, आणि एखादी उरलीच तर ती मुलं काढून नेतात. मुख्य म्हणजे मगर. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, तिच्या जागेत काम करायचं तर वनखात्याला कळवून, परवानगी घेऊन आणि काठ ओळखणारा माणूस बरोबर घेऊनच. वाकून पाण्यात हात घालायचा नाही. मी लांब दांड्याला बांधलेली बादली आणि गळ वापरायचे.

तू विटांनी कर. विश्वामित्रीचा तळ गाळाचा, दगड मिळणं मुश्कील. एकाच भट्टीच्या विटा दोरीने बांधून पाण्यात वीतभर खोल लटकतील अशा सोड. तीन जागा पुरेत: एक शहराच्या वर, एक ऐन शहरात, एक खाली. तिन्हीकडे ऊन सारखं आणि प्रवाह साधारण सारखा हवा, पुलाची सावली नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात विटेवर गाळच बसतो, आणि पूर आला तर वीटही जाते. तीन-चार आठवड्यांनी वर ओढ आणि दात घासायच्या नव्या ब्रशने वरची बाजू खरवडून थोड्या पाण्यात धुऊन घे. प्रत्येक जागेला ब्रश वेगळा. हे मी दोनदा सांगते आहे असं समज, कारण एकाच ब्रशने तिन्ही जागा घासून तिन्ही नमुन्यांत तेच डायाटम शोधून आनंदलेली मुलं मी पाहिली आहेत. नमुना टिकावा म्हणून त्यात ल्युगोलचं आयोडीन घाल, फिकट चहाचा रंग येईपर्यंत.

साफ करण्याआधी एक थेंब तसाच बघ. मघाशी फसगत म्हटलं ती ही. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळलं की आतला जीव जळून जातो, नक्षी स्वच्छ दिसते, पण मग इथे जगलेला करंडा कुठला आणि वरून मेलेला वाहत आलेला कुठला, ते कळत नाही. ताज्या थेंबात आत सोनेरी ठिपके असलेले जिवंत, रिकामे ते मेलेले. निम्मे रिकामे दिसले तर तो नमुना सोडून दे. पेरॉक्साइडचं काम फ्यूम हूडखाली, चष्मा लावून. मग पाणी घालून चार-पाचदा निवळायचं. काच चढवायला कॅनडा बाल्सम वापरू नकोस. त्याचा वक्रीभवनांक सिलिकाच्या फार जवळ, नक्षी पुसल्यासारखी दिसते. त्याऐवजी नॅफ्रॅक्स मागव, डायाटमच्या काचा चढवायचा डिंक. विभागात नसेल तर माझ्याकडे अर्धी बाटली आहे.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. विविधतेचा निर्देशांक काढशील, शॅननचा किंवा कुठलाही, आणि तो वर गेला म्हणून पाणी सुधारलं असं लिहायला हात शिवशिवेल. थोडंसं खतपाणी मिळालं की जाती वाढतातही, आणि एखाद्या निवळशंख झऱ्यात मुळातच कमी असतात. कोनेस्टोगाचे आकडे विश्वामित्रीला लावायचे नाहीत. तुलना आपल्याच नदीच्या वरच्या अंगाशी करायची, आणि तिथलंही पाणी पूर्ण स्वच्छ आहे असं धरायचं नाही. सोबत विंकलर कर, पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा. तुझे पहाटेचे आकडे त्याच्याशेजारी मांड.

सेमिनारला कुणीतरी विचारेलच की रूथबाई १९७५ साली ड्यूपॉन्टसारख्या रसायन कंपनीच्या संचालक मंडळावर कशा गेल्या. त्या मंडळावरच्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यांना शिव्या घालत बाहेर उभं राहण्यापेक्षा आत जाऊन नदी दाखवावी. मला हे पटतं. माझ्या मैत्रिणीला पटत नाही, आणि आमचं यावरून दोनदा भांडण झालंय. तू तुझं मत सांग, माझं सांगू नकोस.

स्लाइड तयार झाल्या की रविवारी सकाळी घेऊन ये, बाबांनाही आण. त्यांना दोन स्लाइड एकापाठोपाठ दाखवू, वरच्या अंगाची आणि शहरातली, आणि कुठली कुठली ते आधी सांगायचं नाही. आणि लेबलवर जागा, तारीख, वेळ पेन्सिलीने लिही. नॅफ्रॅक्समध्ये टोल्युइन असतं, पेनाची शाई त्यात वाहून जाते. माझ्या पहिल्या अकरा स्लाइड अजून कपाटात आहेत, सुंदर चढल्या आहेत, आणि त्या कुठल्या नदीच्या आहेत ते मला माहीत नाही.